स्पॅनिश समाजाचे दोन अध्यक्ष

मला ओळखत नाही असा माणूस बंगळुरात नाही, आणि मी ओळखत नाही असा समाज नाही! त्रेसष्ट साली आमच्या यशवंतपूरच्या पंपांच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, हे मी जरा मोठ्यानंच बोललो. मालक भीमाचार्य मागे उभे होते.

"काय रे शेषगिरी, स्पॅनिश लोक ओळखतोस?"

"भरपूर, साहेब! अख्खा समाज आहे त्यांचा!"

"सरी, ठरलं तर! दिल्लीच्या स्पॅनिश वकिलातीतले पाहुणे रविवारी पंप बघायला येतायत. इथल्या आपल्या माणसांना भेटायचंय म्हणे त्यांना. सगळ्या समाजाला अध्यक्षासकट माझ्या घरी चहाला आण. आणलास, तर सोमवारी तुला कायम करतो!"

कायम! लग्न झाल्यापासून मी हंगामी कारकून होतो. सासरे चारचौघांत माझी ओळख करून देताना खोकायचे.

सायकल काढली आणि समाज शोधायला निघालो. सगळं बंगळूर पालथं घातल्यावर अख्खा समाज सापडला. दोन माणसं! हेब्बाळला चर्चमागे द्राक्षं लावणारे फादर इग्नासिओ आणि कंटोन्मेंटात गिटार शिकवणारे सेन्योर मोंतानेर.

पण मी कोण? मराठी मंडळाचा चिटणीस! एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, की झालं मंडळ! मी फादरांना गाठलं. त्यांची हयात बेळगावकडं गेलेली, म्हणून मराठी पक्कं.

"अध्यक्ष? मीच की रे!" फादर म्हणाले. "आणि त्या मोंतानेरचं नाव काढू नकोस! बटाट्याच्या आमलेटात कांदा घालत नाही तो! असला माणूस स्पेनचा?"

मोंतानेर तर गिटार आपटायलाच निघाले. "कांदा घालणारा अध्यक्ष? अय्यय्यो! मग मी येत नाही!"

या कांद्यापायी दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आता काय करावं? मंडळाच्या निवडणुकीत दरवर्षी करतो तेच केलं. दोघांनाही कानात सांगितलं, "अध्यक्ष तुम्हीच! फक्त आत्ता कुठं बोलू नका!"

रविवारी दोन्ही अध्यक्ष आले. पुराव्यादाखल प्रत्येकाच्या हातात झाकलेलं आमलेट! भीमाचार्यांचं कर्मठ घर, त्यात ऐन चातुर्मास! झाकणं उघडली मात्र, आतून मालकीणबाई कावेरीअक्कांनी स्वयंपाकघराचं दार धाडकन लावलं. भीमाचार्यांनी उपरणं नाकाला लावलं आणि वरून माझ्याकडे असं पाहिलं, की माझी हंगामी नोकरीसुद्धा मला दिसेनाशी झाली!

हार घातलेली खुर्ची एक, अध्यक्ष दोन. फादर उजव्या बाजूनं बसले, मोंतानेर डाव्या बाजूनं. खुर्ची करकरली!

"पाहुणे, हे खा आणि न्याय करा!" फादर गरजले.

"आधी हे खा!" मोंतानेरनी दुसरी बशी पुढं सारली.

पाहुण्यांच्या कपाळाला घाम फुटला. "नको हो! दिल्लीत मी एकदा या कांद्यावर मत दिलं, तर आमची निम्मी मंडळी अजून माझ्याकडे येत नाहीत!" त्यांनी सुटकेसाठी चहूकडे पाहिलं. मी दिसलो. "तुम्ही कुठल्या पक्षाचे?"

"साहेब," मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "मी अंडंच खात नाही!"

दोन्ही अध्यक्षांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे हा पक्षपात करायचा नाही," फादर पुटपुटले.

"कधीच नाही!" मोंतानेर म्हणाले.

"हाच आमचा अध्यक्ष!" दोघं एका सुरात ओरडले!

पाहुण्यांनी उठून खुर्चीवरचा हार माझ्या गळ्यात घातला. "बंगळूरचा स्पॅनिश समाज, तीन माणसं! आणि काय ही एकी! दिल्लीला गेल्यावर सगळ्यांना सांगतो!" त्याच आनंदात त्यांनी पंपांची भली मोठी ऑर्डर दिली. मी घरी गेलो तो हवेतूनच!

सोमवारी नवी टोपी घालून, मैसूरपाकाचा डबा घेऊन मालकांपुढं उभा राहिलो. "साहेब, तेवढं कायमचं..."

"कायम?" भीमाचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काल माझ्या घरात, माझ्यादेखत तू स्पॅनिश लोकांत मोजला गेलास. अध्यक्षही झालास. आपल्या कारखान्याचा नियम ठाऊक आहे ना? परदेशी माणूस हंगामीच ठेवायचा!"

मैसूरपाक मात्र त्यांनी ठेवून घेतला.