एक मत विरोधात

आता भिंत कोसळली तरी हात उचलायचा नाही, असं वाल्मीकने मनाशी ठरवलं आणि नेमकी दाराची बेल वाजली.

तो हॉलमध्ये गादीशेजारी मांडी ठोकून बसला होता. एक तळवा लेकीच्या डोक्याला, दुसरा तिच्या मुडपलेल्या पायांना. पोर दोन महिने आधीच जगात आली होती आणि परवाच दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून इंदिरानगरातल्या घरी. सिस्टरने बजावलं होतं, "थोपटायचं नाही, चोळायचं नाही, हलवायचं नाही. नुसता हात ठेवायचा. झोपली तरच वजन वाढेल." उद्या वजन होतं. ते घटलं, तर पुन्हा पेटी. आतल्या खोलीत त्याची बायको सायली कितीतरी दिवसांनी डोळा लागून पडली होती.

दार उघडायला कुसाबाई उठल्या. या वाल्मीकच्या आत्या, बाळ बघायला वणीहून आलेल्या. त्यांचा हात कधी रिकामा राहत नसे. बोलताना त्या शेजारची उशी थोपटत, उशी नसली तर स्वतःची मांडी.

"हे काय झोपवनं हाय?" जाता जाता त्यांनी सुनावलं. "सा पोरं थोपटून मोठी केली म्या. एकानं तक्रार केली नाय."

"त्यांना बोलता कुठं येत होतं, आत्या?" वाल्मीक कुजबुजला.

दारात अख्खी सोसायटी उभी होती. वाल्मीक सेक्रेटरी, आणि आजची मीटिंग त्याच्याच घरी. तारीख ठरली तेव्हा बाळ यायला भरपूर अवकाश होता. बाळ घाईने आलं, मीटिंग मात्र वेळेवर आली.

"भाई, दाराजवळच बसा. आणि हळू बोला," त्याने चेअरमन मुबीनभाईंना हात न जोडताच विनवलं.

मुबीनभाईंनी सगळ्यांना चपलांच्या रॅकपाशी दाटीवाटीने बसवलं. विषय एकच होता, पाण्याची जुनी मोटर दुरुस्त करायची की नवी घ्यायची. एरवी या विषयावर पार्किंगपर्यंत आवाज गेला असता. पण "तुम्हाला काय कळतंय मोटरमधलं" हे कुजबुजत म्हणण्यात काही मजा नसते. भांडण लवकर विझलं आणि मतं घेतली. दोन्ही बाजूंना सारखीच पडली.

"सेक्रेटरी, तुमचं मत?"

"नवी घ्या."

"हात वर करा ना. तोंडी मत धरायचं नाही, हा नियम तुमचाच."

"नियम माझा आहे, पण हात सध्या तिचे आहेत."

"मग मोटर लटकली."

"लटकू द्या. पाणी नको मला!"

या घरात गोष्टी कशा ठरतात, हे एव्हाना कुसाबाईंच्या लक्षात आलं होतं. रीत त्यांना लयच आवडली. त्या उभ्या राहिल्या.

"पोरीला तेल लावून, थोपटून निजवावं असं कोनाकोनाला वाटतं? करा हात वर."

मोटरवरून फुटलेली सोसायटी क्षणात एक झाली. सगळे हात वर गेले.

"भाई, तुम्हीसुद्धा?"

"मालिश तो अच्छी चीज है ना, सेक्रेटरी," मुबीनभाई ओशाळून म्हणाले.

"इरोधात कोन हाय?" कुसाबाईंनी विचारलं.

"मी!"

"हात कुठंय तुझा?"

वाल्मीकचं डोकं फिरलं. "ही काय पाण्याची मोटर आहे? सगळं नाशिक हात वर करून उभं राहिलं तरी माझे हात इथून निघणार नाहीत. बाप आहे मी तिचा!" हे सगळं त्याला कुजबुजतच म्हणावं लागलं, त्यामुळे मानेच्या शिरा तेवढ्या ओरडल्यासारख्या फुगल्या.

ठराव पास झाला होता. कुसाबाई साबणाने हात धुऊन, तेलाची वाटी कोमट करून आल्या.

"सरक."

"नाही सरकत."

तेवढ्यात वाल्मीकच्या दोन तळव्यांमधून, दुपट्यातून वाट काढत, एक एवढासा हात बाहेर आला. मूठ आवळलेली. सरळ वर.

"एक मत विरोधात," मुबीनभाईंच्या बेगम नूरबानो पटकन म्हणाल्या.

"ती कुठं मेंबर हाय?" कुसाबाई फणकारल्या. वाटी खाली ठेवून, मूठ परत दुपट्यात सारायला त्या वाकल्या. मूठ उघडली आणि त्यांच्या बोटाभोवती मिटली.

थोपटायला उचललेला कुसाबाईंचा दुसरा हात हवेतच राहिला. तांदळाच्या कणीएवढी ती नखं त्या बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"लय घट्ट धरलंय रे," त्या म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज दारापर्यंत पोचला नाही.

मीटिंग पाय न वाजवता उठून गेली. पोर गाढ झोपली, तसे वाल्मीकने एकेक करून आपले हात सावकाश काढून घेतले. पायांना मुंग्या आल्या होत्या, पण त्याला फार हलकं वाटत होतं.

"आत्या, सोडवा आता बोट. चहा टाकतो."

"नाय."

"कंबर धरेल तुमची."

"धरू दे."

आतलं दार उघडलं. विस्कटलेल्या केसांनी सायली बाहेर आली. लेकीवर वाकलेल्या आत्या आणि शेजारची तेलाची वाटी बघून तिची झोपच उडाली.

"आत्या! थोपटू नका हं तिला!"

कुसाबाईंनी मानही वळवली नाही.

"कोन थोपटतंय?" त्या दातओठ खात पुटपुटल्या. "आन् हळू बोल की जरा! लय मुश्किलीनं निजवलीय म्या."