मा सेलेस्तीनच्या छपराची मोहीम

ज्याचे कृपेने भूमीवर माणूस, माणसावर घर आणि घरावर छप्पर टिकते, त्या ईश्वरास नमन करोन, सेंट ओडिल बेटावरील आन्स कोको खाडीचे प्रांती जे युद्ध जाहले, त्याची हकीकत लिहितो. लहानथोरांनी स्वस्थचित्ते ऐकावी. युद्धात मनुष्यहानी नाही. एक अंगठा मात्र जायबंदी जाहला. तो कोणाचा, हे पुढे यथास्थित येईल.

वर्तमान ऐसे की, इमोजेन नामे तुफान सप्टेंबर मासी समुद्रावरून चाल करोन आले, आणि एके रात्रीत तमाम प्रांत लुटून, घरांचे पत्रे उडवून, नीरफणसाची झाडे मुळासकट आडवी करोन पश्चिमेस निघोन गेले. मग पुढील रविवारी सारी रयत बिनछपराचे चर्चमध्ये जमली आणि प्रांताचे आमदार, अखंडभाषणप्रताप हिलारियन बाप्तिस्तसाहेब बोलावयास उभे राहिले. साहेबांस टाळ्या फार मानवत. एक टाळी पडली की दुसरीसाठी जीव कासावीस होई. तैसेच त्या दिवशी जाहले. टाळ्यांचे भरात साहेबांनी हात उंचावून शपथ वाहिली की, प्रांतातील शेवटचे घर झाकले जाईपर्यंत आपले घरावर पत्रा चढणार नाही.

टाळ्यांचा कडकडाट जाहला. पुढील बाकावर साहेबांच्या पत्नी, गृहराज्यधुरंधर युडोराबाई, पंख्याने वारा घेत होत्या. त्यांनी पंखा मिटला, आणि तो मिटल्याचा आवाज साहेबांस टाळ्यांतूनही ऐकू आला.

मग साहेबांनी कष्ट केले ते मात्र खरे. राजधानीत मंत्र्यांचे दारी तळ देवोन, पत्रे, खिळे, वासे यांची रसद आणोन, घरामागोन घर सर केले. परंतु साहेबांचे खाशा वाड्याची अवस्था ऐसी की, आढ्यास निळी ताडपत्री, पलंगावर छत्री, आणि ओसरीत घरासाठी आणलेले पत्रे पडून, त्यावर कोंबड्या अंडी घालीत. पाऊस आला म्हणजे युडोराबाई आपली लग्नातील बशी गळतीखाली ठेवीत व थेंब पडेल तसतशी साहेबांकडे पाहात. मे महिना लागला तेव्हा बाईंनी पेटी काढोन दारापाशी ठेविली आणि फर्माविले,

"जूनमध्ये तुफानांचा हंगाम सुरू होतो, हिलारियन. तोवर डोक्यावर पत्रा नसला तर मी बहिणीकडे. तू शपथेखाली झोप."

"अगं, एकच घर राहिलंय!"

"कुणाचं?"

साहेब कोंबड्यांकडे पाहू लागले. "मा सेलेस्तीनचं."

युडोराबाईंनी पेटीत आणखी दोन झगे भरले.

मा सेलेस्तीन म्हणजे खाडीवरील टेकाडाची स्वामिनी. वयाचा अदमास कोणास नाही. आमदारांस लहानपणी ओढ्यात धरोन आंघोळ घातलेली, म्हणोन आमदारकीचे दडपण तिजवर पडत नसे. पहिल्या स्वारीत साहेबांनी शहरचे ठेकेदाराची टोळी, ट्रक व शिड्या देवोन टेकाडावर रवाना केली. मा दारात खुर्ची टाकोन बसली, सर्वांस गार पाणी पाजले आणि परत वाटेस लाविले. दुसऱ्या स्वारीत साहेब जातीने गेले, संगती छायाचित्रकार नेला. मा म्हणाली,

"ये, बस. तुझी माणसं जेवून आली होती का रे?"

"जेवून? मा, ती सरकारी टोळी. त्यांचा त्यांचा डबा असतो."

"मग माझ्या घराला कशाला हात लावतात? कुदमेन न घालता छप्पर घालतं का कोणी? शंख फुंकायचा, गाव जमायचं, मी हंडा चढवायचा. जेवले सगळे की झालं छप्पर. न जेवता ठोकलेलं छप्पर सरकारचं. पुढच्या वाऱ्याला ते सरकारकडेच परत जाईल."

साहेब मनी खजील जाहले. कुदमेन ही त्या मुलखाची जुनी चाल. ज्याचे घर त्याने रांधावे आणि गावाने हात लावावा. साहेब स्वतः कुदमेनात उष्टी पाने चाटोन वाढलेले, परंतु राजधानीच्या कचेऱ्यांत फिरता फिरता विसरोन गेले होते.

"मग घाल की कुदमेन, मा! अडलंय कशावर?"

"हंड्यात काय घालू, तुझं भाषण? माझं झाड पडलं. नीरफणसाशिवाय हंडा म्हणजे नुसतं गरम पाणी."

"शहरातून पोतंभर मागवतो."

"म्हणजे यजमान तू. आणि मी कोण? माझ्याच घरात पाहुणी?" इतुके बोलोन मा सेलेस्तीनने छायाचित्रकारास विचारले, "तू तरी जेवलास का, बाळा?" आणि तो नाही म्हणताच त्यास केळी देवोन बसविले. साहेबांचे छायाचित्र राहून गेले.

आता प्रांतात फळलेले नीरफणसाचे झाड एकच उरले होते, आणि तेही कोठे, तर गनिमाचे गोटात! विरोधी पक्षाचे उमेदवार, रमच्या दुकानाचे मालक, डॉमिनोवीर कथबर्ट लाफोर्स यांचे परसात, कड्याचे आडोशास. झाड वाचले ते आपल्या पक्षाच्या पुण्याईने, ऐसे कथबर्ट येईल त्या गिऱ्हाइकास सांगत.

मा सेलेस्तीनकडेही द्रव्य होते. तिची मिरचीची चटणी साऱ्या बेटावर नामांकित, आणि तुफानाआधी तिने बाटल्या जमिनीत पुरोन ठेविल्या होत्या. कथबर्टचे दुकानी तळलेला मासा मिळे, पण चटणीवाचून गिऱ्हाईक कुरकुरे. मग साहेबांनी मसलत केली की, चटणी द्यावी, नीरफणस घ्यावे, म्हणजे हंडा माचाच. मा कबूल जाहली. परंतु मा व कथबर्ट उभयतांत बोलणे बंद होते. कारण बकरी.

मागील निवडणुकीत कथबर्टची जितुकी छापील चित्रे भिंतीवर लागली, तितुकी माच्या बकरीने खाल्ली. साहेबांचे चित्रास तोंड लाविले नाही. कथबर्टचे मनी पक्के बसले की, मा आणि साहेबांनी मिळोन बकरी शिकवून पाठविली.

साहेब वकिली पत्करोन, बगलेत चटणीच्या बाटल्या घेवोन दुकानी दाखल जाहले. डॉमिनोचा डाव थांबला.

"या, आमदार," कथबर्ट म्हणाले. "बकरी नाही आणली?"

"तह करायला आलोय, कथबर्ट."

"आधी माफी. मग तह."

"मा म्हणते, खाल्लं बकरीनं, माफी बकरीनं मागावी."

"मग बसा. बकरीला बोलायला येईल तोवर रम घ्या."

सारे हसले. साहेबांनी दाराबाहेर पाहिले, तो आभाळ भरोन आलेले. घरी गळतीखाली बशी लागली असेल, आणि पेटीचे कुलूप वाजले असेल. या दुकानी साहेबांनी आजवर भाषणे फार केली होती, माफी एकही नाही. मग टोपी काढली. टाळी पडणार नाही हे ठावके असताही उभे राहिले, आणि म्हणाले,

"कथबर्ट, बकरीला मी शिकवलं नाही. पण तिनं खाल्लं आणि फायदा माझा झाला. मी बघत होतो. हाकललं नाही. उलट एकदा पाठीवर हात फिरवला. माफ कर."

एका म्हाताऱ्याचे हातून डॉमिनोची सोंगटी गळाली.

"पाठीवर हात फिरवलास?" कथबर्ट बोलिले.

"फिरवला."

"हे मी पुढल्या सभेत सांगणार बरं का."

"सांग."

कथबर्टनी बाटली उघडोन चटणी बोटावर घेतली, जिभेस लाविली, आणि डोळ्यांस पाणी आले ते तिखटाचे की कसे, हे लिहिणारास ठावके नाही. "चल," म्हणाले, "काठी धर. वरचे फणस जास्त भरलेत."

शनिवारी प्रातःकाळी टेकाडावरोन शंख वाजला. शंख वाजल्यावर घरी बसेल ऐसा मनुष्य त्या खाडीत नाही, मग पक्ष कोणताही असो. फौज जमा जाहली. बिनीवर सुतार, मागे पत्रे वाहणारे, आणि हंड्यापाशी मा, हाती कलथा घेवोन. हंड्यात नीरफणस, अळूची पाने, खारवलेला मासा आणि नारळाचा रस. एका वाशावर आमदार आणि विरोधी उमेदवार समोरासमोर बसोन खिळे ठोकीत असता, "डावीकडे घे", "तुला डावीकडचं काय कळतं" ऐसा वाग्युद्धाचा प्रसंग होवोन साहेबांचा हातोडा साहेबांचेच अंगठ्यावर बसला. साहेबांनी जी गर्जना केली, तीस मात्र सर्वांनी टाळ्या दिल्या.

दुपार कलता अखेरचा पत्रा बसला. सारे उतरले, जेवले. मा सेलेस्तीनने वर पाहोन मान डोलाविली. शपथ फिटली. साहेब हर्षभरे म्हणाले, "उद्याच ठेकेदाराला माझ्या घरी बोलावतो!"

मा बोटे चाटीत होती, ती थांबली. "ठेकेदाराला? आणि हंडा कोण चढवणार?"

तमाम फौजेने युडोराबाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? चर्चमध्ये हात मी वर केला होता का?"

तेव्हा हिलारियन बाप्तिस्तसाहेब, ज्यांनी जन्मात पाणीही उकळले नव्हते, ते पुढील शनिवारी अंगठ्यास चिंधी बांधोन हंड्यापुढे उभे राहिले. नीरफणस कथबर्टकडील, त्याचे बदली साहेबांनी ओसरीतील अंडी दिली. हंडा खालोन करपला, वरोन कच्चा राहिला, मीठ दोनदा पडले. फौजेने पत्रे चढविले आणि पंगत बसली.

"मा, कसं झालंय?" साहेबांनी भीत भीत विचारिले.

"छप्पर चांगलं झालंय," मा म्हणाली, आणि आणखी वाढ म्हणोन पान पुढे केले. मग कोणीही पानात काही टाकिले नाही. कथबर्टनी माच्या चटणीची अर्धी बाटली रिचविली, परंतु पान स्वच्छ केले.

पंगत उठते तोच जूनचा पहिला पाऊस नव्या पत्र्यांवर ताशासारखा वाजू लागला. युडोराबाई दारातील पेटी उचलोन आत गेल्या. लग्नाची बशी जागच्या जागी, रिकामी. बाई बराच वेळ आढ्याकडे पाहात उभ्या राहिल्या. साहेब उंबऱ्यातच थांबले.

"गळत नाही," बाई म्हणाल्या, आणि बशी पुसून फडताळात ठेविली.

येणेप्रमाणे टेकाड सर होवोन, शपथ फिटोन, कबिला घरी राहिला आणि मोहीम फत्ते पावली. निवडणुकीचा निकाल सरकारी दप्तरी आहे, तो तेथे पाहावा. बकरीने या खेपेस दोन्ही उमेदवारांची चित्रे सारखीच खाल्ली, हे उभय पक्षांनी समक्ष पाहोन मान्य केले. तहाचे हेच कलम आजवर मोडलेले नाही.