हवालदारांचं भिंतीतलं कपाट

धोंडीबा हवालदार कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून ओळंबा काढायचे. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन भिंतीशी सोडायचे, एक डोळा मिटायचे आणि घरधन्याला सांगायचे, "दीड बोट झुकलीया." चहा त्यानंतर. समोरचा माणूस नव्या घराच्या वास्तुशांतीचे लाडू वाटतोय, त्याला हे ऐकून काय वाटेल, याची फिकीर त्यांना नव्हती. पाटलांच्या चौकटीला त्यांनी ओळंबा लावला तेव्हापासून पाटील त्यांना बाहेरच्या कट्ट्यावरच चहा पाजू लागले. मग हवालदारांनी कट्टा मोजला.

इस्लामपूरपासून तीन कोसांवरच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो आणि माझं नशीब असं की घर हवालदारांच्या भिंतीला भिंत लावून. लढाई संपली, हवालदार पेन्शन घेऊन गावी आले आणि माझी झोप, माझी सुट्टी, माझा मान सगळं गेलं. पहिल्याच आठवड्यात शाळेत येऊन त्यांनी फळ्याला ओळंबा लावला, नंतर मला. "मास्तर, डावा खांदा खाली हाय तुमचा." भर वर्गात! पोरं महिनाभर मला बघून एका बाजूला झुकून चालत होती.

पलटणीत ते पूल बांधणाऱ्या कंपनीत होते, तिथे सुतारकाम शिकले. इटलीत एका शेतकरणीच्या घरी त्यांचा तळ पडला होता आणि त्या घरात त्यांनी भिंतीतच बसवलेलं कपाट पाहिलं. जमिनीपासून माळ्यापर्यंत! दार लावलं की भिंत कुठे संपली आणि कपाट कुठे सुरू झालं हे सांगता येऊ नये. या कपाटाचं वर्णन मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. इटलीची लढाई म्हणजे काय, तर एक कपाट आणि त्याच्या आजूबाजूला थोडासा गोळीबार, अशी माझी आजही समजूत आहे.

तसलं कपाट स्वतःच्या हाताने स्वतःच्या घरात बसवायचं, हा एकच ध्यास. माजघरातून गोठ्याकडे जायचं एक जुनं दार होतं. ते त्यांनी बाहेरच्या अंगाने दगडमातीने बुजवलं आणि आत हातभर खोल, पुरुषभर उंच अशी पोकळी ठेवली. बांधावरचा आंबा पाडून फळ्या चिरून आणल्या. त्या वर्षभर सावलीत वाळवल्या, दर रविवारी उलटवल्या, जशी काही पापडच घातलेत. अंगणात रंधा सुरू झाला की माझ्या पुस्तकावर भुसा यायचा. तक्रार केली तर म्हणायचे, "मास्तर, रंध्याचा आवाज ऐका. गाणं म्हणतोय त्यो." गाणं कसलं, घोरणं होतं ते.

मिशीबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढे सगळं तिच्यावरच आलं. मिशी होती झुपकेदार, दोन्ही टोकं वर. चहा असो की ताक, पेला खाली ठेवला की हवालदार ती आधी उजवीकडून, मग डावीकडून पालथ्या हाताने पुसायचे. फर्र, फर्र! हा आवाज माझ्या घरात ऐकू यायचा. त्यावरून मी माझी जेवणाची वेळ ठरवायचो.

किसन सुतार गावचा कारागीर, अत्यंत गोड माणूस. तो एकदा अंगणात आला, तयार होत आलेल्या कपाटावरून त्याने मायेने हात फिरवला आणि म्हणाला, हवालदार, काम देखणं झालंय, पण मातीची भिंत आहे, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं फट ठेवा आणि वरून पट्टी ठोका, आम्ही सगळे तेच करतो. हवालदार एवढे लाल झाले की मला वाटलं आता लढाई पुन्हा सुरू होते.

"फट म्हंजे हार," ते म्हणाले. "मुंगी जाता कामा नये. एकोणीस डाव मोजलंय म्या. न्हाई बसलं तर ही मिशी उतरवीन, चावडीम्होरं."

आता चावडीपुढे मिशी उतरवायची म्हणजे खेळ नव्हे. दुपारपर्यंत ही बातमी साऱ्या गावात गेली. नवरात्राला घट बसायच्या आधी कपाट भिंतीत जायचं, हे ठरलं. किसन बिचारा सारखा सांगत होता की मला कुणाची मिशी नको. पण गावाला हवी होती. पाटलांना तर फारच हवी होती.

आदल्या दिवशी हवालदार बिजागऱ्या आणायला इस्लामपूरला गेले, ते दिवेलागणीला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौघांनी कपाट उचललं. हवालदार लष्करी आवाजात "सावकाश, सावकाश" म्हणत होते. कपाट पोकळीत शिरलं, वीतभर गेलं आणि थांबलं. ढकललं. हललं नाही. खांदे लावले. कपाट करकरलं, पण पुढे जाईना.

मी पुढे वाकून पाहिलं आणि मला कारण दिसलं. पोकळीच्या दोन्ही अंगांना ओल्या पांढऱ्या मातीचा ताजा थर होता, चांगला बोटभर जाड. त्यावर पाच बोटांचे फराटे जसेच्या तसे. घट बसायच्या आधी घराच्या भिंती सारवायच्या असतात, तशा हवालदारांच्या मंडळींनी, सगुणावहिनींनी, त्या सारवल्या होत्या. देवीच्या घरात तेवढीच जागा उघडीबोडकी कशी ठेवायची, म्हणून तिलाही मायेने जाडसर हात मारला होता. एकोणीस वेळा मोजलेलं माप एका सारवणात गेलं होतं.

मी म्हटलं, "अहो हवालदार, ही माती—"

हवालदारांचा लष्करी बूट माझ्या पायावर आला. नुसता आला नाही, तिथेच राहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सगुणावहिनींनी विचारलं, "बसलं का वं?" त्या कपाटाच्या अगदी समोर उभ्या होत्या.

"बसतंय," हवालदार म्हणाले. त्यांचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. "जरा माजं माप चुकलं."

माझं माप चुकलं! ज्या माणसाने देवळाच्या कळसाला वाकडा म्हटलं होतं, तो हे म्हणत होता. किसनने भिंतीच्या मातीला नख लावून पाहिलं, हवालदारांकडे पाहिलं आणि नख धोतराला पुसलं. म्हणाला, राहू द्या हवालदार, मिशीचं काय एवढं. पण हवालदार चावडीकडे चालूही लागले होते.

मी लंगडत त्यांच्या मागे. वाटेत मी चिडून म्हटलं की चूक तुमची नाही हे तुम्हालाही माहीत आहे, एक शब्द बोला आणि मिशी वाचवा.

ते थांबले. "तिला दिसत न्हाई, मास्तर."

सगुणावहिनींना? मी विचारलं.

"वरीस झालं. मिरजेला दाखवलं, इलाज न्हाई म्हनले. घर पाठ हाय तिला, म्हून कुनाला कळत न्हाई. लोकांनी कीव केल्याली तिला खपत न्हाई. ट्रंक कुनी हातभर सरकवली तरी दिसभर चाचपत बसती. भिंतीतलं कपाट कोन सरकवनार? समदे कप्पे तिच्या हाताच्या मापानं घेतल्यात. आन तिनंच हातानं चाचपून भिंत सारवली, तिला सांगू व्हय, तुज्यामुळं अडलं म्हून?"

मी वर्षभर भिंतीपलीकडे राहत होतो. रोज वहिनींच्या हातचं ताक पीत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

न्हाव्याने मिशी उतरवली. पाटील समोर बसले होते, पण त्यांनाही हसू आलं नाही, कारण मिशीखाली हवालदारांचा वरचा ओठ एखाद्या शाळकरी पोरासारखा निघाला. हवालदारांनी चावडीवर सगळ्यांना दरडावलं की घरात हे कुणी बोलायचं नाही, किसनने मिशी माफ केली असं ते स्वतःच सांगणार होते. मग घरी जाऊन त्यांनी आणि किसनने मिळून कपाटाच्या दोन्ही बाजूंना रंधा मारला. मातीला हात लावला नाही. संध्याकाळी कपाट भिंतीत बसलं, आणि खरं सांगतो, मुंगी जायला जागा नव्हती.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मी त्यांच्याकडे गेलो, तर सगुणावहिनी भिंती सारवत होत्या. हवालदार मळ्यात गेले होते, मिशी पूर्वीसारखीच झुपकेदार झाली होती. वहिनी कपाटापाशी आल्या, चौकटीला बोट लावलं आणि तिथून चांगली वीतभर जागा कोरडी सोडून पुढे गेल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, एवढी जागा राहिली."

"राहू द्या. गेल साली लय जाड हात पडला माजा."

माझी पाचावर धारण बसली. तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"कोन सांगतंय? त्या सांच्याला ताक प्याले आन पेला ठिवला. फर्र झालंच न्हाई." त्या हसल्या. "तवाच कळलं मिशी गेली म्हून. मिशी कशापायी गेली, ते मंग हातानं कपाटाची कड बघून कळलं. रंध्याचा मार ताजा हुता, आन कडंला माज्या सारवणाचा थर बोटभर जाड लागला. दोन दिसांनी त्यांच्या ध्यानात आलं असंल, मंग बिनमिशीचंच पुसायला लागले. नुसतं तोंडानं फर्र, फर्र. तीन महिनं."

मी पोट धरून हसलो आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. मी विचारलं, त्यांना सांगितलंत का की तुम्हाला कळलंय?

"आवं, न्हाई. त्यांनी एवढं केलं, मंग मला ती खोटी फर्र ऐकायला काय झालं?"

बाहेर हवालदारांच्या बुटांचा आवाज आला. वहिनींनी पदराला हात पुसले, कपाट उघडलं, न चाचपता तिसऱ्या कप्प्यातून धुतलेला पंचा काढला आणि हवालदार आत यायच्या आधीच दाराकडे हात करून उभ्या राहिल्या.