ज्याला कळतं त्याला एकच पुरतं

लोर्नाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कपाटाचा एक रिकामा खण आणून ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, की नव्या घरात तुझ्या पिस्तुलांना एवढी जागा मिळेल. त्या खणात घरातले चमचेही जेमतेम मावले असते.

"यात एकच मावेल," ऑरविल म्हणाला.

"एकच लागतं ना? तूच म्हणालास."

ऑरविलला ब्रह्मांड आठवलं. म्हणाला होता खरा. शनिवारी सकाळी गावातल्या हॉटेलात त्याचा दोस्त मर्ल, कुठलं पिस्तूल घ्यावं म्हणून रडत बसला होता. पिस्तुलांच्या बाबतीत मॉन्टानाच्या त्या कोपऱ्यात ऑरविलचा शब्द शेवटचा. त्याने कॉफीचा घोट घेऊन निकाल दिला होता, "ज्याला कळतं त्याला एकच पुरतं. बाकी सगळं खूळ." मागच्या बाकावर लोर्ना चर्चच्या बायकांबरोबर केक खात बसली आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाहेर बोललेलं घरात लागू करायचं, ही कुठली रीत? ऑरविलचा संताप संताप झाला. घरात दहा-अकरा पिस्तुलं होती, आणि एकूण एक घड्याळासारखी चालत होती. ती त्याने पोटच्या पोरांसारखी सांभाळली होती. आता शेत विकून ही दोघं गावातल्या लहान घरात जाणार, म्हणून एक सोडून बाकीची सगळी जावयाला द्यायची असं लोर्नाने ठरवूनही टाकलं होतं. आणि जावई कोण, तर ट्रेंट! या ट्रेंटने लग्नात मिळालेली बंदूक दोन हिवाळे होडीत विसरून ठेवली होती. तेलाचा थेंब कशाला म्हणून घालायचा नाही. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता.

ऑरविल निवडायला बसला. छोटं पिस्तूल कोटाखाली छान लपायचं, चर्चला न्यायला उत्तम. पण डोंगरात बेरी तोडताना समोर अस्वल आलं तर ते अस्वल हसलं असतं. मोठ्या रिव्हॉल्व्हरने अस्वल आडवं झालं असतं, पण ते कमरेला लावून तो बुधवारच्या प्रार्थनेला गेला आणि गाण्यासाठी सगळ्यांबरोबर उभा राहिला, तेव्हा गॅलिस तुटले. विजार खाली गेली. पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले, लोर्नाने मिटले नाहीत.

तरी त्याने मोठंच पक्कं केलं आणि त्यावर एक नामी तोड काढली. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात सहा काडतुसं बसतात. पहिलं त्याने बारीक छऱ्यांचं भरलं, सापासाठी. पुढची दोन चोरासाठी. उरलेली तीन अस्वलासाठी. एका पिस्तुलात सगळा संसार.

मर्लला ही युक्ती दाखवल्यावाचून त्याला चैन पडेना. मर्लने चक्र फिरवून पाहिलं, मान हलवली आणि विचारलं, की साप, चोर आणि अस्वल यांना हा क्रम कोण सांगणार? ऑरविल म्हणाला, तुला यातलं काही कळत नाही. मर्ल फुरंगटून घरी गेला. चक्र त्याने जिथे सोडलं होतं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गवताच्या शेडमध्ये खुळखुळ्या साप निघाला. ऑरविलला मनातून आनंदच झाला. त्याने नेम धरला आणि चाप ओढला. छऱ्यांचा फुसका बार व्हायचा, त्याऐवजी अख्खी शेड हादरली. साप खुळखुळा वाजवत आरामात भिंतीखालून निघून गेला. मागे सामानात बांधून ठेवलेलं नवं वॉशिंग मशीन होतं. त्याला अस्वलाची गोळी इकडून शिरून तिकडून बाहेर पडली होती.

लोर्ना धावत आली. तिने एका भोकातून पलीकडचं शेत पाहिलं.

"हे काय केलंस?"

आता, चक्र तपासायचं मी विसरलो, असं ऑरविलने बायकोला सांगावं? ज्याच्या शब्दाबाहेर गाव नाही, त्याने? "मी काय केलं?" तो उखडला. "हे पिस्तूलच बिघडलंय. चक्र धड फिरत नाही."

लोर्नाने दुसऱ्या भोकातूनही डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "बिघडलंय तर मग ट्रेंटला देऊन चालणार नाही. त्याच्या घरात लहान पोरं आहेत. औजारांच्या खोलीत टाक, मोडक्या नांगराशेजारी. नव्या घरामागच्या शेडमध्ये भंगार न्यायला माझी ना नाही."

ऑरविलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संध्याकाळपर्यंत त्याने दुसऱ्याचा चाप अडकतो असं शोधून काढलं, तिसऱ्याची स्प्रिंग गेली, चौथं तर बापाच्या काळापासूनच खिळखिळं होतं. जे जे हातात घेई ते ते बिघडलेलं निघे. छोटं पिस्तूलसुद्धा सुटलं नाही. लोर्ना दर वेळी "अरेरे" म्हणायची.

रविवारी ट्रेंट रिकामी गाडी घेऊन आला.

"एकही चालत नाही, बाबा?" त्याने विचारलं. "तुम्ही तर म्हणायचात..."

"म्हणायचो," ऑरविल दात आवळून म्हणाला. ट्रेंट मशीन दुरुस्तीला घेऊन गेला. औजारांच्या खोलीत भंगार तेल पिऊन चमकत होतं. त्या खणात लोर्नाने चमचे ठेवले.

शनिवारी ऑरविल जिंकल्याच्या तोऱ्यात हॉटेलात शिरला. मर्ल आपलं पिस्तूल अडकतं म्हणून गाऱ्हाणं सांगत होता, आणि ते त्या टपालवाल्या डेलला. हा डेल पिस्तुलाला बंदूक म्हणणारा माणूस. ऑरविलने खुर्ची ओढली आणि घसा खाकरला.

"तू राहू दे, गड्या," मर्ल म्हणाला. "तुझं घरचं एकही चालत नाही म्हणे. चर्चमध्ये सगळ्या बायका हळहळत होत्या."

ऑरविलच्या कानशिलात जाळ निघाला. तो ताडकन उठला. माझं एकेक पिस्तूल डोळे मिटून चालवून दाखवतो, हे शब्द अगदी जिभेवर आले. तेवढ्यात त्याला मागचा बाक दिसला. लोर्ना केक खात होती, आणि शेजारी ट्रेंट गाडीची किल्ली बोटावर फिरवत बसला होता.

तो खाली बसला. पण सगळं हॉटेल त्याच्या तोंडाकडे बघत होतं आणि डेल चक्क हसत होता. हे मात्र ऑरविलला सोसवेना.

"नाही चालत," तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "अरे, ज्याला कळतं ना, त्याला एकही लागत नाही."

मागच्या बाकावर लोर्नाने काटा खाली ठेवला.