गुरुवारी चार वाजता

एकट्या राहणाऱ्यांना दर गुरुवारी चार वाजता कुणीतरी भेटायला जायचं, अशी योजना पाळकसाहेबांनी चर्चच्या मंडळीत जाहीर केली आणि पंचाईत झाली. भेटायला जाणाऱ्यांच्या यादीत भराभर नावं आली, पण 'मी एकटा आहे' म्हणून एकानेही नाव दिलं नाही. मग ती दुसरी यादी पाळकसाहेबांनी स्वतःच गुपचूप भरली. वर सगळ्यांना बजावलं, "आधी फोन करू नका हं. फोनवर सगळे 'नको' म्हणतात."

निवृत्त हेडमास्तर आणि म्हातारे घड्याळजी, दोघांनीही भेटायला जाणाऱ्यांत नाव दिलेलं. दोघेही एकटे, दोघेही नाकावर माशी बसू न देणारे. पाळकसाहेबांनी त्यांना एकमेकांच्या घरी धाडलं आणि ते स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. दोघे एकाच वेळी घराबाहेर पडणार, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही!

दोन गुरुवार दोघांनी बंद दारं वाजवली. तिसऱ्या गुरुवारी पावणेपाचला पाळकसाहेबांचा फोन खणखणला.

"हेडमास्तर बोलतोय. घड्याळजी याही वेळी दार उघडेनात. आत पडलेबिडले की काय म्हणून सुताराला आणून दार फोडलं, तर घरात कोणी नाही! आता उघडं घर टाकून जाऊ कसा?"

तो फोन ठेवला तोच दुसरा.

"घड्याळजी बोलतोय. हेडमास्तरांचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून माझ्या हत्यारांनी कुलूप उघडलं. उघडलं झकास, पण आता लागतच नाही! राखण करत बसलोय."

पाळकसाहेबांना घाम फुटला. खरं सांगावं तर आपलं नाव दुसऱ्या यादीत होतं हे दोघांना कळणार, आणि दोघेही पुन्हा चर्चची पायरी चढणार नाहीत.

"आता काय करू गं?"

"खरं सांगा आणि बोलणी खा," बायको शांतपणे म्हणाली.

त्यांनी हेडमास्तरांना फोन लावला. "मास्तर, घड्याळजी तुमच्या घरी आहेत."

"माझ्या? कशाला?"

"तुम्हाला भेटायला. मीच पाठवलं."

"म्हणजे त्या यादीत मीही होतो?"

"होय. चुकलं माझं." पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"ते नंतर बघतो तुमच्याकडे!" हेडमास्तरांची एकदम धांदल उडाली. "आधी त्यांना सांगा, चहाचा डबा वरच्या फळीवर आहे. इथं सुताराला बसवून मी निघालोच. पण काहीही करा, मी पोचेपर्यंत त्यांना उठू देऊ नका. आठ वर्षांत माझ्या घरी पहिल्यांदा कुणी आलंय, आणि मीच घरी नाही हो!"