लांबचा नंबर

चष्मेवाल्याने सासूबाईंना सांगितलं होतं, की बायकोची दाढ काढायची आहे. दोन वर्षांत मुलांशिवाय एकदाही बाहेर जेवलो नाही, हे खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली. दाढेला कुणी नाही म्हणत नाही. सासूबाई मुलांपाशी थांबायला तयार झाल्या, वर लेकीच्या गालावरून हात फिरवून "धीर धर गं" म्हणाल्या.

हॉटेलात ऑर्डर देऊन झाली. वेटर मेन्यूकार्ड उचलणार, तोच बायकोने ते हिसकावून तोंडासमोर धरलं.

"अहो, मागे वळू नका. आई आलीये. दोन्ही कार्टी बरोबर आहेत."

"काय करतायत?"

"आईस्क्रीम खातायत. आईसुद्धा! साखरेचं पथ्य गेलं कुठे?"

"जा, विचार जाऊन."

"दाढ काढलेल्या तोंडाने?"

तेही खरंच. पकडायला जावं तर आपणच सापडणार, आणि मुलांनी पाहिलं की दोन वर्षांनी मिळालेली संध्याकाळ तिथेच संपणार. ओळखू येऊ नये म्हणून चष्मेवाल्याने चष्मा काढून खिशात घातला. आता त्याला समोरची बायकोही पुसट दिसू लागली. तिने गालाभोवती ओढणी आवळून बांधली. सापडलोच, तर निदान दाढ तरी खरी वाटावी. मग तिला आठवलं, की दाढ काढलेलं माणूस चावून खात नाही. तिने सगळी ऑर्डर रद्द केली.

"दोन सूप."

"मला कशाला? माझ्या दाढा शाबूत आहेत."

"मी उपाशी आणि तुम्ही हादडणार?"

सूप आलं. तिने आईला मेसेज केला, 'मुलं झोपली का?'

उत्तर लगेच आलं. 'केव्हाच. फार दुखतंय का?'

"बघा, कशी धडधडीत खोटं बोलते!" बायको ओढणीतून म्हणाली.

"बोलू दे. आपण दिसलो नाही, हे महत्त्वाचं. त्यांना लांबचं कुठे..." चष्मेवाला थबकला. कोपऱ्यावरची पाटी वाचता येत नाही, अशी सासूबाईंची पंधरा दिवस भुणभुण चालली होती. आज सकाळीच त्याने आपल्या दुकानात नवा चष्मा स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकावर बसवला होता. इतकं चोख काम त्याने दुसऱ्या कुणाचं केलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. बायकोने वाचलं, मुकाट्याने ओढणी सोडली आणि फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

'मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवलंय. सूप पुरे, नीट जेवा. माझ्या आईस्क्रीमचं घरी काढू नका. आणि जावईबापूंना सांग, नंबर अगदी बरोबर लागलाय. तुझ्या सुपातलं गाजरसुद्धा दिसतंय.'