पुलावर शिऱ्याचा वास

क्लच बदलणं म्हणजे असं काय असतं हो? दोन पृष्ठभाग आणि त्यांच्यातलं घर्षण! आणि घर्षणावर तर मी एम.एस्सी.ला अख्खा प्रबंध लिहिला आहे. त्यामुळे बाबांच्या जुन्या डिझेल पिकअपचा क्लच मी अंगणातच बदलणार, असं मी नवरात्रात छातीठोकपणे जाहीर केलं.

शेजारचे मुकुंदकाका हसले. "आतापर्यंत पुस्तकात गाडी पाहिली, आता गाडीत पुस्तक पाहून राहिली का वं?"

गाडीची तब्येत खरंच बिघडली होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन वाघासारखं डरकाळी फोडायचं आणि गाडी मात्र लग्नात रुसलेल्या मावशीसारखी जागची हलायची नाही. इंजिनाला जोडलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. क्लचप्लेटनं त्याला घट्ट धरलं, तरच ताकद चाकांपर्यंत पोहोचते. आमची प्लेट झिजली होती. धरायचं सोडून ती नुसती घसरत होती.

"दसऱ्याले भरली गाडी पूल चढली, तर ठेवतो," बाबांनी निकाल दिला. "नाही तर भंगारात देतो. मी मग गेटवर."

गेटवर म्हणजे एका सोसायटीच्या गेटवर, रखवालदार म्हणून. आमचं घर मूळचं विणकरांचं. माग बंद पडले, तेव्हा बाबांनी ही पिकअप घेतली होती. आता महाल वस्तीतल्या आमच्या घरात, ज्या कोनाड्यात आजोबांचा मागावरचा धोटा ठेवलेला आहे, त्याच्याच बाजूच्या खिळ्यावर रखवालदाराचा निळा गणवेश लटकत होता. बाबा जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

खांडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अवजारं पुजायच्या सकाळी मी आणि मुकुंदकाकांनी गिअरबॉक्स उतरवला.

"हळू वं! पाय जाईल माह्या!"

"काका, तुमचा पाय अंगणाच्या बाहेर आहे!"

"मन तर इथंच आहे ना!"

नवं फ्लायव्हील थिनरनं पुसून बसवलं. प्रत्येक बोल्ट मोजून आवळला. नव्या प्लेटला बोटाचा ठसाही लागू नये म्हणून हातमोजे घातले. घरात सक्त ताकीद दिली, "तेलाचा एक थेंब लागला तरी क्लच घसरेल! कोणी जवळ यायचं नाही!" आई मान डोलावून आत गेली. बाबा बाजारात गेले होते.

मग प्लेट कोऱ्या कागदावर ठेवली आणि पाच मिनिटं गाडीखालीच चटईवर पाठ टेकली. वर फ्लायव्हील चंद्रासारखं चमकत होतं. टिचकी मारली, तर कितीतरी वेळ गुणगुणत राहिलं. फ्लायव्हीलचं मला फार कौतुक वाटतं. इंजिन झटक्याझटक्यानं बोलतं आणि हे त्याचं बोलणं पोटात साठवून एका लयीत सांगतं. विचार करता करता अंगण अलगद फिरू लागलं. मग सगळा महाल फिरू लागला. गल्लीगल्लीतले माग पुन्हा चालू झाले, धोटे पाखरांसारखे इकडून तिकडे उडू लागले आणि आजोबा एक निळंशार, न संपणारं लुगडं विणत बसले. कुठूनसा शिऱ्याचा वास येत होता...

जाग आली तेव्हा उन्हं अंगण सोडून भिंतीवर गेली होती. कागदावरची प्लेट मंद चमकत होती. किती स्वच्छ पुसली मी! स्वतःचंच कौतुक करत मी ती बसवली. संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्सही चढला.

दसऱ्याच्या सकाळी कुहीहून आलेली मुकुंदकाकांच्या मेहुण्याची तांदळाची वीस पोती गाडीत भरली. पोत्यांवर स्वतः काका, स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा. बॉनेटवर आईनं कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली.

लोण्यासारखी! तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पुलाच्या चढाला लागलो आणि इंजिन डरकाळलं. गाडी मुंगीच्या वेगानं सरकू लागली. एक आजोबा सायकल हातात धरून, चालत, आमच्या पुढे गेले. मग खालून पांढरा धूर निघाला आणि त्याबरोबर साजूक तुपात रवा भाजल्यासारखा खमंग वास!

"दामिनी, शिरा करून राहिली का वं खाली?" काका वरून ओरडले.

मागून एक स्कूटरवाला आला. "काका, प्रसाद कुठं वाटून राहिले?"

"वाटून नाही राहिलो! जा ना गा पुढं!"

पण हार, धूर आणि तुपाचा वास! लोकांची खात्रीच पटली. बघता बघता गाडीमागे रांग लागली. एका बाईनं तर पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "माझ्या सासूसाठी पण द्या थोडा!"

तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. त्यानं वाकून गाडीखाली पाहिलं, नाक ओढलं आणि म्हणाला, "पुलावर स्वयंपाक करायची परवानगी कोणी दिली तुमाले?"

"साहेब, हा क्लच आहे," मी म्हणाले.

"असू द्या. आधी गॅस बंद करा!"

शेवटी त्यानंच मागची गर्दी हटवली आणि आम्ही उलटे पूल उतरलो. घरी येऊन बाबा सरळ कोनाड्यासमोर जाऊन उभे राहिले.

"क्लचला तूप कोणी लावलं?" मी विचारलं.

"मी नाही बाई!" आई म्हणाली. "मी फक्त बॉनेटले कुंकू लावलं."



"तुपाची पाच बोटं लावली मी," बाबा भिंतीकडे पाहत म्हणाले. "बाजारातून आलो, तं तू झोपून होती. कुंकू लावलं असतं तं तुले दिसलं असतं. माहे बाबा खांडेनवमीले धोट्याले तूप लावत. वर्षभर कसा सर्रकन सरकायचा!"

"अहो बाबा, क्लच सरकायला नको! धरायला हवा!"

"मले काय माहीत? इतकी वर्षं पायानं दाबला, तोंड कधी पाहिलं त्याचं?"

"पण तुम्हाला तर गाडी विकायची होती ना? मग काहून लावलं?"

बाबांनी गणवेशाकडे पाहिलं. "म्हणत होतो," ते म्हणाले, "विकायची."

मी थिनरची बाटली उचलली.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. खरं तर तूप लागलेली प्लेट बदलायलाच हवी, पण दसऱ्याला दुकानं बंद. "पुसायला धागे न सुटणारं कापड हवं," मी म्हणाले. बाबांनी खिळ्यावरचा गणवेश काढला, अंगठ्या-बोटात चोळून पाहिला. "सूत बरं आहे," म्हणाले, आणि टर्रकन फाडला!

"अहो, तो परत द्यायचा होता!" आई ओरडली.

"टोपी देतो ना परत!"

सूर्य मावळताना गाडी वीस पोती आणि मुकुंदकाकांसकट पूल चढली. वास नाही, धूर नाही. माथ्यावर तोच पोलीस उभा होता. "काय ताई," त्यानं जरा खिन्नपणे विचारलं, "आज संध्याकाळी काहीच नाही का?"

मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, हा शुद्ध घर्षणाचा विजय आहे. तुम्हालाही तेच सांगते. फक्त दुसऱ्यांदा गिअरबॉक्स चढवण्याआधी, कोणी पाहत नाही असं बघून, मी क्लचच्या बाहेरच्या कवचावर कुंकवाचं एक बोट लावलं. कोरडं! घर्षणाच्या पृष्ठभागापासून पूर्ण चार सेंटीमीटर दूर. दोनदा मोजून.